बावीस नंबरच्या डावीकडे

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार

हर्शेलच्या मुलीने बापाविरुद्ध कोर्टात अर्ज केला आहे.

हे वाक्य लिहिलं आणि पाच मिनिटं पेन हातात धरून नुसता बसलो. कॉरीनने सकाळी फोनवर सांगितलं. हर्शेल लामरो, वय सत्तर, सदतीस वर्षांचा माझा शेजारी, याला स्वतःचं स्वतः बघता येत नाही म्हणे. घर विकायचं, लान्सिंगला तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात त्याला ठेवायचं आणि यापुढे त्याच्या सगळ्या सह्या तिने करायच्या. का, तर जानेवारीत त्याने गॅसवर किटली ठेवली, बाहेर बर्फ उपसायला गेला आणि किटली जळून गेली.

मी म्हटलं, "कॉरीन, किटली मीपण जाळलीय. ओडेटकाकूला विचार हवं तर."

"किटलीचं नाही, काका. डॉक्टरांनी त्यांना तासभर बोलतं केलं. बाबांनी डॉक्टरांनासुद्धा ते कार्डाचं सांगितलं."

ते कार्डाचं. म्हणजे त्रेपन्न साली हर्शेल अकरा दिवस बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळला, तेव्हाचं. अकरा दिवस खेळला हे खरंच आहे, पुस्तकात छापलेलं आहे. पुढचं फक्त तोच सांगतो. लेकशोर बबलगमवाले पाकिटात खेळाडूंच्या फोटोंची कार्डं घालत, त्यांचा फोटोवाला आला, मैदानामागे संघाचे धुतलेले मोजे दोरीवर वाळत होते तिथेच त्याने हर्शेलला उभं केलं आणि फोटो काढला. ऑगस्टमध्ये टोलीडोच्या एका औषधांच्या दुकानात हर्शेलने बबलगमचं पाकीट फोडलं तर आतल्या कार्डावर तोच. कार्ड नंबर सत्तेचाळीस, मागे मोजे. ते कार्ड त्याने गल्ल्यावरच्या मुलीला देऊन टाकलं, कारण "मला वाटलं, आता काय, पुष्कळ मिळतील."

एकही मिळालं नाही. कोणालाच मिळालं नाही. लेकशोरच्या त्या वर्षीच्या ऐंशी नंबरांत सत्तेचाळीस नाहीच. पोरांनी शोधत राहावं आणि गम घेत राहावं म्हणून कंपनीने तो नंबर मुद्दाम गाळला, हे कार्डं जमवणाऱ्या कोणालाही विचारा, पाठ आहे. मी हर्शेलला 'सत्तेचाळीस' म्हणूनच हाक मारतो. न्हाव्याच्या दुकानात सगळे मारतात. तोही ओ देतो.

डॉक्टरांनी लिहिलंय की कधीच नसलेली वस्तू पाहिल्याचा ठाम भ्रम आहे. आमच्या सदतीस वर्षांच्या थट्टेचं हे असं होईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

ताव पुढे सरकत नाही. जेवणाचं टेबल तीन महिने त्याच्याखाली आहे आणि ओडेट स्वयंपाकघरात स्टुलावर बसून जेवते. आज म्हणाली, "लग्नात तू म्हणाला होतास टेबल दोघांचं. त्यात लू पेट्रांका कुठून आला?" लू पेट्रांका म्हणजे बावीस नंबरच्या कार्डावरचा कॅचर.

मी चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरशी बसवली. हे काम त्याच्याच जातीचं आहे. कार्डं आधी एका मोठ्या तावावर छापत, आडवी दहा, उभी आठ. मग यंत्राने कापत. कापणाऱ्याचा हात ढळला की कार्ड वाकडं कापलं जाई आणि एका कडेला शेजारच्या कार्डाची चिंचोळी पट्टी येई. अशी वाकडी कार्डं लोक कचऱ्यात टाकतात. पण त्या पट्टीवरून कोणाच्या शेजारी कोण हे कळतं, आणि पुरेशा पट्ट्या मिळाल्या की अख्खा ताव मांडता येतो. लेकशोरचा त्रेपन्नचा ताव अजून कोणी मांडलेला नाही. मी मांडतोय. वेंडेल त्याच्या कार्डंवाल्यांच्या पत्रिकेत छापणार आहे.

एकोणऐंशी कार्डं माहीत, घरं ऐंशी. उरलेल्या एका घरात कोण? गेल्या आठवड्यात केंटकीहून एक वाकडं बावीस आलं. त्याच्या डाव्या कडेला निळी पट्टी आणि एक बूट. तो बूट चौदा नंबरचा आहे, मी भिंगातून खात्री केली. चौदाचं स्वतःचं घर तर वरच्या ओळीत आहे. म्हणजे चौदा दोनदा छापलं. ऐंशी भरले. सत्तेचाळीसला जागाच नाही.

एक गोष्ट फक्त या वहीत लिहितो. माझ्या स्वतःच्या कार्डांतून मला एकही पट्टी मिळाली नाही, कारण मला वाकडं बघवत नाही. तरुणपणी वाकडी कार्डं स्वस्तात घ्यायचो आणि फूटपट्टी धरून ब्लेडने कड सरळ करायचो. दोनशेच्या वर असतील. कार्डंवाल्यांत याच्यासारखं पाप नाही. वेंडेलला कळलं तर तो माझं नाव पत्रिकेतून काढून टाकेल.

२० फेब्रुवारी, मंगळवार

कॉरीन आली होती, दालचिनीचा केक घेऊन. ताव बघून तिचे डोळे मोठे झाले. "काका, हे सगळं तुम्ही एकट्याने? तुमच्याइतकं यातलं कोणालाच कळत नसेल." मी म्हटलं, मिशिगनमध्ये तरी नाही. मग तिने विचारलं की सत्तेचाळीस नंबर कधीच नव्हता, एवढं मी तिला लिहून देईन का. "बाबा माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मला ते पटलं. हर्शेलने ती गोष्ट सांगणं बंद केलं तर डॉक्टरांचा भ्रम कुठे उरला? उरली एक किटली.

कॉरीन गेल्यावर ओडेट केकची ताटली धूत म्हणाली, "तिने केक कोणासाठी आणला होता?"

"आपल्यासाठी."

"बरं," असं म्हणून ती जोरात ताटली घासायला लागली. हिला कधीकधी काय होतं कळत नाही.

२१ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. एक पान. 'तावाच्या मांडणीवरून सिद्ध होतं की सदर कार्ड छापलं गेलेलं नाही.' 'एल्डन कुझ्मा' अशी सही केली, खाली 'लेकशोर १९५३ चे अभ्यासक' असं लिहिलं. चांगलं दिसत होतं. टपालात टाकलं.

२ मार्च, शनिवार

चर्चच्या हॉलमध्ये मस्क्रॅटचं जेवण होतं. ईस्टरआधीच्या उपवासांत मांस वर्ज्य, पण आमच्याकडे दलदलीतलं हे एक जनावर चालतं. कोण चालवून घेतं ते विचारू नये, आमच्या आजोबांच्या आधीपासून चालतं. हर्शेल समोर बसला होता. वाळला आहे. मका आणि कांदा बाजूला सारून हाडं चोखत होता.

मी म्हटलं, "काय सत्तेचाळीस, चार दात उरले तरी मस्क्रॅट सोडवत नाही?"

"चारही त्याच्यासाठीच ठेवलेत." मग म्हणाला, "कॉरीन मला लान्सिंगला न्यायचं म्हणते. तिथे खिडक्या उघडत नाहीत रे. मी बघून आलो. बाहेरून बंद केलेल्या आहेत."

"तू जरा त्या कार्डाचं बोलणं बंद कर ना हर्शेल. महिनाभर तरी."

"का? खरं आहे ते." तो मला समजावत असल्यासारखा बोलत होता. "फोटोवाला म्हणाला, कोपर जरा वर धर. मी म्हटलं, मागे मोजे येतील. तो म्हणाला, येऊ देत, रंग छान आहे. तू मांडतोयस ना तो ताव? तुला सापडेल मी कुठे आहे ते. सगळ्यांत सरळ काम तुझं."

मी पाणी प्यायलो. पत्राबद्दल त्याला सांगायला हवं होतं. माणसं फार होती म्हणून सांगितलं नाही. नंतर सांगेन असं ठरवलं आहे.

९ मार्च, शनिवार

भिंग समोर ठेवूनच लिहितोय.

दुपारच्या टपालाने इंडियानाच्या मिसेस ओगल्सबींचं पाकीट आलं. भावाच्या माळ्यावरची वाकडी कार्डं, सहा. पाच कामाची नव्हती. सहावं बावीस नंबर, लू पेट्रांका, बेकार कापलेलं, डावीकडे आगकाडीएवढी रुंद पट्टी. मी बेफिकीरपणे भिंग लावलं. निळा रंग दिसणार, बूट दिसणार.

हिरवा होता. हिरव्यावर एक दोरी. दोरीला चिमट्याने लावलेला एक मोजा, लाल पट्ट्यांचा. त्याच्याखाली दुसऱ्या मोज्याचं अंगठ्याकडचं टोक. आणि अगदी कडेला, केसाएवढी, पांढऱ्या बाहीतून बाहेर आलेल्या कोपराची रेघ.

मी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मोजे तिथेच होते.

ओडेटला हाक मारली ती अशी काही मारली की ती पिठाचे हात घेऊन धावत आली. तिने बघितलं. भिंग कितीतरी वेळ डोळ्याला लावून ठेवलं. म्हणाली, "अरे देवा. हर्शेलचे मोजे."

डोकं चालायला लागलं तेव्हा सगळं एका झटक्यात जागेवर बसलं. बावीसच्या डावीकडे आधी सत्तेचाळीसच होता. थोडे ताव छापले, कापले, पाकिटांत गेले. मग हर्शेलला अकरा दिवसांनी संघाने परत पाठवलं म्हणून असेल, किंवा कोणाला ते मोजे खटकले म्हणून. त्याची छपाईची प्लेट काढली आणि ते घर भरायला चौदा नंबर दुसऱ्यांदा बसवला. फुटलेली फरशी काढून तिथे दुसरीकडची फरशी बसवतात तसं. हे मी शंभरदा केलं आहे. लोकांना बसवलेली फरशी दिसते, काढलेली कोणी विचारत नाही. मीही विचारली नाही. एक बूट बघितला आणि घर भरलं म्हणून सही करून मोकळा झालो.

"तू फरशांच्या फटी भरायच्या आधीच सही केलीस," ओडेट म्हणाली. तिने तो केकचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं वाटलं असतं.

तोच दिवस, नंतर

एवढ्यावर भागलं नाही. माझ्या अल्बममधलं बावीस काढलं. चारी कडा सरळ, सुरेख. ते कधी घेतलं ते आठवेना म्हणून जुन्या वह्या काढल्या. १९६२, ७ ऑक्टोबर, रविवार. माझ्याच अक्षरात:

'टोलीडोच्या बाजारातून चौदा वाकडी कार्डं आणली. सगळी सरळ केली. बावीस फारच वाईट होतं, डावीकडे शेजारच्याचं लाल-पांढरं काहीतरी आलं होतं, ते काढलं. आता छान दिसतं. संध्याकाळी हर्शेल येऊन बसला. मोज्यांची गोष्ट परत सांगितली. परत हसलो.'

म्हणजे हर्शेल या टेबलाशी बसून मोज्यांचं सांगत होता तेव्हा ते मोजे टेबलाखाली जमिनीवर पडले होते. सकाळी मी झाडून टाकले असणार. मी झाडतोच.

ओडेटला वही दाखवली नाही.

११ मार्च, सोमवार

कॉरीनला फोन केला. म्हटलं पत्र चुकीचं आहे, मला परत हवंय. ती म्हणाली, "काका, ते वकिलांनी कोर्टात दिलंय. बाबांनाही एक प्रत मिळाली."

"त्याला? मी सांगायच्या आत?"

"नियम आहे."

मी तिला मोजे सांगितले. सांगताना मलाच ऐकू येत होतं की मी कसा बोलतोय. दोरी, चिमटा, अंगठा, आगकाडीएवढी पट्टी. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यावर बाबांचं नाव आहे?"

"नाही."

"चेहरा?"

"कोपर आहे. थोडं."

"काका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कीव होती, खरी कीव, "तुम्हाला त्यांच्याबद्दल फार वाटतं, मला माहीत आहे. सुनावणीला या. जज्जबाईंना दाखवा." हर्शेलला तिने रविवारीच लान्सिंगला नेलं आहे. त्याच्याशी बोलू का विचारलं तर म्हणाली झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते.

मला कॉरीनचा राग येत नाही, हे लिहून ठेवतो. आई गेल्यापासून ती दर शनिवारी लान्सिंगहून गाडी चालवत येते. मला फक्त एकाच माणसाचा राग येतोय.

२८ मार्च, गुरुवार

आज सुनावणी झाली. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण माझा अजून विश्वास बसत नाही.

कोर्टाची खोली लहान. जज्जबाई पन्नाशीच्या, सर्दी झालेली. मी कोटाच्या आतल्या खिशात ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं, वरून हात धरून बसलो होतो. हर्शेल पुढच्या बाकावर. केस कापलेले, नवीन स्वेटर. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

डॉक्टर बोलले. किटली. कार्ड. कॉरीनच्या वकिलाने माझं पत्र मोठ्याने वाचलं. 'सिद्ध होतं' हा शब्द त्याने असा उच्चारला की मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग जज्जबाईंनी हर्शेलला विचारलं, "मिस्टर लामरो, हे पत्र तुम्ही वाचलंत?"

"हो मॅडम. तीनदा."

"मग त्या कार्डाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?"

मी खिशात हात घातला. त्याने 'मी पाहिलंय' म्हटलं की उठायचं, असं मी गाडीत दहादा घोकलं होतं.

"कार्ड नव्हतं," हर्शेल म्हणाला.

माझा हात खिशातच राहिला.

"बढाई होती, मॅडम. अकरा दिवसांची नोकरी, सांगायला काहीतरी हवं होतं. चारचौघांत एकदा बोललो, मग सोडवेना. एल्डन कुझ्मा यातला माणूस आहे. तो नाही म्हणतो म्हणजे नाही. डॉक्टरसाहेबांचा वेळ घेतला, त्यांची माफी मागतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. कॉरीन रडायला लागली. जज्जबाईंनी डॉक्टरांना विचारलं, मग भ्रम म्हणायचा का? डॉक्टर म्हणाले, माणूस स्वतःच खोटं होतं म्हणून मान्य करतोय तर भ्रम म्हणता येणार नाही. जज्जबाईंनी नाक पुसलं, कागद उलटले. गॅस काढून विजेची शेगडी बसवायची, शेजाऱ्याने रोज एकदा डोकवायचं, वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा तपासायचं. घर त्याचंच राहील. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्टर कुझ्मा, तुम्हाला काही सांगायचं होतं असं इथे लिहिलंय."

मी उठलो. हर्शेल तेव्हा पहिल्यांदा वळला. त्याने मान हलवली नाही, काही नाही. फक्त बघत राहिला. इतका घाबरलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"काही नाही, मॅडम," मी म्हटलं आणि बसलो.

कॉरीन कागद करायला थांबली म्हणून हर्शेलला मी घरी आणलं. रेझिन नदीच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेतली आणि कार्ड काढलं.

"ठेव ते," तो म्हणाला.

"अरे बघ तर! तू आहेस यात. दोरी आहे, मोजे आहेत, तुझं कोपर आहे. तू खरं बोलत होतास, हर्शेल!"

"मला माहीत आहे मी खरं बोलत होतो. मला काय सांगतोस." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "ते बघितलं तर पुढच्या वर्षी डॉक्टरांसमोर मला नीट बोलता यायचं नाही. आत ठेव."

"मी छापतो पत्रिकेत. सगळ्यांना कळेल."

"काय कळेल? दोन मोजे. आत्ता एक म्हातारा येडा आहे, मग दोन होतील. मी दोन महिने त्या डॉक्टरला खरं सांगितलं, एल्डन. दर वेळी तो एक ओळ लिहायचा. ज्या दिवशी खोटं बोललो त्या दिवशी त्याने पेन खाली ठेवलं." मग म्हणाला, "तुझ्या पत्रावर मी घरी चाललोय. आता ते खोटं पाडू नकोस."

मग मी त्याला बासष्ट सालचं सांगितलं. टोलीडोचा बाजार, ब्लेड, लाल-पांढरं काहीतरी. मला वाटलं होतं तो मला मारेल, निदान गाडीतून उतरेल. तो फक्त ऐकत राहिला. ओठाचा एक कोपरा हलला, हसण्यासारखा.

"तुला वाकडं बघवतच नाही," तो म्हणाला. "चल, थंडी वाजतेय."

त्याला घरी सोडलं, दिवे लावून दिले. माझं मला घरात शिरता येईना. ओडेटने दार उघडेपर्यंत मी पायरीवर उभा होतो.

७ एप्रिल, ईस्टर

हर्शेल आणि कॉरीन जेवायला आले होते. ताव गुंडाळून कपाटावर ठेवला, टेबल पाच महिन्यांनी मोकळं झालं. हॅम, बटाटे, ओडेटचे लोणच्यातले बीट. कॉरीन इतकी हलकी झाली आहे की ओळखू येईना. बापाची थट्टा करत होती. सगळं फार चांगलं चाललं होतं.

तेवढ्यात वेंडेलचा फोन आला. वेंडेलला बायको नाही, सण कळत नाहीत. फोन जेवणाच्या खोलीतच भिंतीवर आहे.

"एल्डन, तुझा ताव मिळाला, अप्रतिम! पण बावीसच्या डावीकडचं घर तू रिकामं ठेवलंयस. उद्या छपाईला जातंय. काय घालू? मला कोणी म्हणत होतं तुझ्याकडे काहीतरी सापडलंय."

मिसेस ओगल्सबी बोलल्या असणार. मी टेबलाकडे पाठ करायला हवी होती, पण फोनची तार तोकडी आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. हर्शेलने काटा खाली ठेवला होता.

मी चाळीस वर्षं काम केलं. भिंती वाकड्या असायच्या, घरमालक भांडायचे, पण मी कधी एक फरशी जाणूनबुजून चुकीची बसवली नाही. पहिलं पत्र लिहिताना मला निदान ते खरं वाटत होतं.

"चौदा घाल," मी म्हटलं. "चौदा दोनदा छापलंय."

"आणि सत्तेचाळीस?"

"छापलंच नाही. कोणी पाहिलेलं नाही."

"तुझ्या नावाने लिहू असं?"

"माझ्याच नावाने लिही."

मी फोन ठेवला. कॉरीनने बापाच्या हातावर हात ठेवला. "बघा बाबा. काकांनी सगळा ताव शोधला. नव्हतंच."

"नव्हतंच गं," हर्शेल म्हणाला. "मोजे काय नि कोपर काय, सगळं मीच जुळवलेलं. मला आता आठवतही नाही कधी जुळवलं ते."

तो हे अगदी सहज बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. गाडीत हलला होता तसा ओठाचा कोपरा हलेल म्हणून वाट बघितली. हलला नाही. तो मुलीसाठी बोलत होता, की रोज तेच बोलून बोलून त्याचं त्यालाच आता तसं वाटायला लागलंय? उठावं, त्याला खांद्याला धरून गदागदा हलवावं, असं झालं. पण कॉरीन समोर बसली होती, आणि कोणी पाहिलेलं नाही असं आत्ता मीच म्हणालो होतो.

ओडेटने मला बसायला सांगितलं. हर्शेलने बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

ते गेले. मी खिडकीतून त्याच्या घरातला दिवा लागलेला बघितला. विजेची शेगडी आहे, खिडक्या उघडतात, तो घरी आहे. तो त्याच्या दारातून आत जाताना मला विचारायचं होतं, एकच, तुला आठवतंय ना. विचारलं नाही. आठवतंय म्हणाला तर पुढच्या वर्षी डॉक्टरांसमोर त्याला ते पुन्हा पुसावं लागणार, आणि नाही म्हणाला तर ते अख्खं कार्ड पाहिलेला माणूस जगात कोणी उरला नाही.